ओळंबा आणि पृथ्वीचं केंद्र

हिंगणघाट परिसराचा भारतीय सर्वेक्षण विभागाचा एखादा जुना टोपोशीट घ्यावा, त्यातली एक विहीर निवडावी, कडेच्या आकड्यांवरून तिचे अक्षांश-रेखांश नीट काढावेत आणि तेच आकडे मोबाइलच्या नकाशात टाकावेत. मोबाइल त्या विहिरीवर जात नाही. तो आग्नेयेला दीडशे मीटरहून थोडा पुढे, भलत्याच कुणाच्या तरी शेतात जाऊन थांबतो. १:५०,००० च्या कागदावर हे अंतर तीन मिलिमीटरच्या आसपास भरतं; पेन्सिलीची जाडी म्हणून सोडून द्यावं इतकं ते लहान नाही. नकाशा काढणाऱ्याचं काही चुकलेलं नसतं आणि मोबाइलही बरोबरच असतो. दोघं एकाच विहिरीबद्दल सांगत असतात, पण दोघांनी गृहीत धरलेली पृथ्वी वेगळी असते.

हे अगदी शब्दशः घ्यायचं. जुन्या नकाशामागच्या पृथ्वीची विषुववृत्तावरची त्रिज्या सुमारे ६,३७७.३ किलोमीटर आहे, मोबाइलमधल्या पृथ्वीची ६,३७८.१३७ किलोमीटर. शिवाय या दोन पृथ्वींची केंद्रंही एका जागी नाहीत. त्यांच्यात आठशे मीटरच्या आसपास अंतर आहे. शाळेत आपण अक्षांश-रेखांश अशा थाटात शिकतो की जणू ते डोंगर-नद्यांसारखे आधीपासून जमिनीवर आहेत आणि आपण ते फक्त वाचायचे. प्रत्यक्षात आधी पृथ्वीसाठी एक गुळगुळीत, गणिती आकार ठरवावा लागतो, तो खऱ्या पृथ्वीत कुठे आणि कसा बसवायचा हे ठरवावं लागतं, आणि मगच कुठल्याही जागेला आकडा देता येतो. या सगळ्या ठरवाठरवीला सर्वेक्षणवाले ‘डेटम’ म्हणतात. डेटम सांगितल्याशिवाय दिलेले अक्षांश-रेखांश अपुरे असतात. आणि डेटमची सगळी गोष्ट एका साध्या हत्याराभोवती फिरते. ते हत्यार म्हणजे गवंड्याचा ओळंबा.

भिंत उभी आहे की कललेली, हे गवंडी दोरीला बांधलेल्या वजनाने पाहतो. आकाश पाहणाराही तेच करत आला. ध्रुवतारा क्षितिजापासून जितके अंश वर, साधारण तितका आपला अक्षांश. पुण्यात साडेअठराच्या आसपास. पण क्षितिज म्हणजे काय? स्थिर पाण्याची पातळी, म्हणजेच ओळंब्याला काटकोनात असलेली पातळी. आकाशातून काढलेला अक्षांश हा शेवटी ओळंब्याच्या दिशेवरचा विश्वास असतो. ओळंबा थेट पृथ्वीच्या केंद्राकडे बोट दाखवत असता, तर पुढचं सगळं फार सोपं झालं असतं.

तो तसा दाखवत नाही, याचं पहिलं कारण न्यूटनने १६८७ मध्ये सांगितलं. फिरणारी पृथ्वी विषुववृत्तावर फुगलेली आणि ध्रुवांवर चपटी असणार. फ्रान्समधल्या कासिनी घराण्याच्या मोजमापांवरून नेमकं उलटं, म्हणजे ध्रुवांकडे लांबट, असं दिसत होतं. वाद मिटवायला फ्रेंच अकादमीने एक तुकडी पेरूकडे, आजच्या इक्वेडोरमध्ये, पाठवली आणि दुसरी लॅपलँडला. अक्षांशाचा एक अंश ओलांडायला जमिनीवर किती चालावं लागतं, एवढंच मोजायचं होतं. पृष्ठभाग जिथे चपटा तिथे ओळंब्याची दिशा सावकाश बदलते, त्यामुळे एक अंश बदलायला जास्त चालावं लागतं. उत्तरेकडचा अंश लांब निघाला आणि न्यूटन बरोबर ठरला. आजच्या हिशोबाने विषुववृत्तापाशी एक अंश ११०.५७ किलोमीटरचा आहे आणि ध्रुवापाशी १११.६९ किलोमीटरचा. केंद्रापासून विषुववृत्त ध्रुवापेक्षा सुमारे २१.४ किलोमीटर दूर आहे. असा चपटा गोल म्हणजे एलिप्सॉइड. तो सांगायला दोनच आकडे पुरतात: मोठी त्रिज्या आणि चपटेपणा.

भारतात हे दोन आकडे काढायला जे कष्ट पडले, त्यांना मोजमापाच्या इतिहासात तोड नाही असं मला वाटतं. विल्यम लॅम्ब्टन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने १८०२ च्या एप्रिलमध्ये मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटपाशी साडेसात मैलांची पायारेषा मोजायला घेतली. साखळी पोलादी, शंभर फुटी. ती जमिनीवर टाकून चालणार नव्हतं. तिवयांवर ठेवलेल्या लाकडी पेट्यांमधून ती ताणलेली असे, वर तंबूची सावली, आणि पेट्यांमध्ये ठेवलेल्या थर्मामीटरवरून तापमान टिपून घेतलेलं, कारण उन्हाने पोलाद वाढतं आणि शंभर फूट शंभर फूट राहत नाहीत. ही एक रेघ इतक्या निगुतीने मोजली की पुढे अंतर मोजायची गरज फार कमी पडते. रेघेच्या दोन टोकांवरून तिसऱ्या टेकडीकडे पाहायचं, कोन मोजायचे, त्रिकोण सुटतो. त्याच्या बाजूवर पुढचा त्रिकोण. असे त्रिकोण जोडत जोडत, ७८ रेखांशाच्या आसपासची एक माळ दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत गेली.

कोन मोजायचा थिओडोलाइट अर्धा टन वजनाचा होता. इंग्लंडहून येताना तो फ्रेंचांच्या हाती लागून मॉरिशसला गेला होता; तिथल्या फ्रेंच गव्हर्नरने तो परत मद्रासला पाठवला. १८०८ मध्ये तंजावरच्या मंदिरावर चढवताना दोर तुटून तो भिंतीवर आपटला आणि त्याची वर्तुळाकार पट्टी वाकली. लॅम्ब्टनने तंबूत बसून ती स्वतः हळूहळू पूर्ववत केली आणि त्याच यंत्राने काम पुढे चालू ठेवलं. माळ विदर्भात पोचली तेव्हा तो सत्तरीच्या घरात होता. २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला तो वारला. त्याची कबर तिथेच आहे. जगातल्या सर्वांत उंच शिखराला नाव मिळालं त्याच्या मदतनिसाचं, जॉर्ज एव्हरेस्टचं. लॅम्ब्टनचं नाव आपल्याकडे शाळेच्या पुस्तकातही क्वचितच भेटतं, याची मला खंत वाटते. विदर्भात राहणाऱ्याने एकदा तरी ती कबर पाहून यावी.

एव्हरेस्टने माळ पुढे हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेली; पण पृथ्वीचा जो आकार ‘एव्हरेस्ट १८३०’ या नावाने ओळखला जातो, तो त्याआधीच्या मोजमापांतून निघाला होता. आता तो आकार खऱ्या पृथ्वीत बसवायचा होता. त्यासाठी मध्य प्रदेशातल्या सिरोंजजवळचं कल्याणपूर हे आरंभस्थान धरलं गेलं. तिथले अक्षांश-रेखांश ठरवले, तिथून जवळच्या सुरांतल नावाच्या ठाण्याची दिशा ठरवली, आणि तिथे गणिती आकाराचा लंब व ओळंबा यांच्यात किती फरक धरायचा हेही ठरवलं. एवढं झालं की एलिप्सॉइड जागेवर पक्का होतो आणि भारतभरच्या प्रत्येक ठाण्याचे आकडे कल्याणपूरपासून त्रिकोणांमधून वाहत येतात. या व्यवस्थेत पृथ्वीचं केंद्र कुठे आहे, हा प्रश्न कुणी विचारलेलाच नव्हता. विचारून उपयोगही नव्हता. केंद्र शोधायचं साधन हातात नव्हतं. भारतीय उपखंडाला छान बसेल असा कवच-तुकडा हवा होता आणि तो मिळाला. त्याचं केंद्र खऱ्या केंद्रापासून आठशे मीटर बाजूला पडलं, तरी रस्ते, कालवे, रेल्वे यांचं काही अडलं नाही. महाराष्ट्रातले जुने आणि नवे आकडे शंभर ते पावणेदोनशे मीटरने हटतात, ते यामुळे.

पण ओळंब्याने एक मोठं कोडं घातलं होतं. कल्याणपूर आणि उत्तरेला मुझफ्फरनगरजवळचं कलियाना यांच्यात सुमारे सहाशे किलोमीटर अंतर. दोन्हींच्या अक्षांशांतला फरक ताऱ्यांवरून काढला आणि त्रिकोणांवरूनही काढला. दोन उत्तरांत ५.२३६ सेकंदांची तफावत निघाली. कोनाचे सव्वापाच सेकंद म्हणजे जमिनीवर १६० मीटर. इतक्या काळजीने केलेल्या कामात एवढी चूक शक्यच नव्हती. संशय हिमालयावर गेला. एवढा मोठा डोंगर ओळंब्याला आपल्याकडे ओढणार. कलियानात ओळंब्याचं वजन किंचित उत्तरेकडे सरकलं, तर डोक्यावरची दिशा किंचित दक्षिणेकडे कलते आणि ताऱ्यांवरचा अक्षांश कमी येतो.

कलकत्त्यातले धर्मगुरू आणि गणिती जॉन प्रॅट यांनी मग हिमालयाच्या वस्तुमानाचा अंदाज करून ही ओढ किती असायला हवी याचा हिशोब मांडला. उत्तर आलं १५.८८५ सेकंद. म्हणजे कोडं उलटंच झालं: हिमालय ओळंब्याला ओढतो खरा, पण त्याच्या आकारमानाच्या मानाने तिसऱ्या हिश्शानेच. १८५५ मध्ये इंग्लंडच्या जॉर्ज एअरी यांनी सुचवलं की डोंगराखाली हलक्या खडकाचं खोल मूळ असलं पाहिजे. वर जितका डोंगर जास्त, तितकं खालचं जड द्रव्य बाजूला सारलेलं. प्रॅट यांनी पुढे वेगळी उपपत्ती दिली: सगळ्यांचा तळ एकाच खोलीवर, पण उंच डोंगराखालचं द्रव्य कमी घनतेचं. आज भूशास्त्रात ‘समस्थायित्व’ म्हणून जे शिकवलं जातं, त्याचा जन्म या सव्वापाच सेकंदांतून झाला. पृथ्वीवर एक बिंदू नेमका कुठे आहे हे विचारता विचारता माणसाला डोंगरांच्या पोटात काय आहे ते कळलं.

अक्षांशाला निदान आकाशाचा आधार आहे. रेखांशाला तोही नाही. पृथ्वी फिरते, त्यामुळे पूर्व-पश्चिम अंतर म्हणजे वेळेचा फरक, आणि शून्य कुठे धरायचा हे केवळ माणसांनी ठरवायचं. आपल्या सिद्धांतग्रंथांनी तो लंका-उज्जयिनी-कुरुक्षेत्र या रेषेवर धरला. १८८४ मध्ये वॉशिंग्टनला पंचवीस देशांचे प्रतिनिधी जमले आणि ग्रीनिचच्या बाजूने बावीस मतं पडली. हिंदुस्थानातले नकाशे मात्र मद्रास वेधशाळेच्या रेखांशावर आधारलेले होते. पुढे तारायंत्राने वेळा ताडून पाहिल्यावर कळलं की तोच रेखांश कोनाच्या सुमारे अडीच मिनिटांनी, जमिनीवर चार किलोमीटरहून जास्त, चुकीचा धरला गेला आहे. आतले सगळे त्रिकोण अचूक, पण अख्खा देश पूर्वेला सरकलेला! मुंबईने तर १९५५ पर्यंत स्वतःची वेळ सांभाळली होती. ग्रीनिचच्या चार तास एक्कावन्न मिनिटं पुढे, भारतीय प्रमाणवेळेच्या एकोणचाळीस मिनिटं मागे.

आता ग्रीनिचचीच गंमत पाहा. वेधशाळेच्या अंगणातल्या पट्टीवर एक पाय पूर्वेला, एक पश्चिमेला ठेवून लोक फोटो काढतात. तिथे मोबाइल शून्य दाखवत नाही. तो सव्वापाच सेकंदांच्या आसपास पश्चिम दाखवतो. आजचा शून्य रेखांश तिथून १०२ मीटर पूर्वेला, बागेतून जातो. कारण पुन्हा ओळंबा. जुना शून्य ज्या दुर्बिणीवरून ठरला, ती एअरी यांची दुर्बीण पाऱ्याच्या स्थिर पृष्ठभागावरून सरळ केलेली होती, म्हणजे ओळंब्याच्या दिशेत उभी. ग्रीनिचला ओळंबा स्थानिक गुरुत्वामुळे किंचित कलतो. दुर्बिणीतून जाणारी उभी पातळी त्यामुळे पृथ्वीच्या केंद्रातून जात नाही, थोडी बाजूने जाते. घड्याळांचं सातत्य राहावं म्हणून नवी पातळी जुनीला समांतरच ठेवली, पण ती केंद्रातून नेली; आणि ग्रीनिचच्या जमिनीवर दोघींत १०२ मीटरची फट पडली.

ही ‘केंद्रातून’ची सोय झाली उपग्रहांमुळे. उपग्रहाला ओळंबा लागत नाही. तो पृथ्वीच्या वस्तुमान-केंद्राभोवती फिरतो, त्यामुळे त्याच्या कक्षेचा काटेकोर माग ठेवला की केंद्र सापडतं. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर आहेत. प्रत्येक जण आपली वेळ आणि आपली जागा सांगत असतो. संदेश पोचायला लागलेल्या वेळेवरून अंतर निघतं. सेकंदाचा अब्जावा भाग चुकला की अंतर तीस सेंटिमीटरने चुकतं. मोबाइलमधलं घड्याळ इतकं चांगलं नसतं, म्हणून तीन अंतरांऐवजी चार घ्यावी लागतात, चौथं घड्याळाची चूक काढायला. यातून आधी मिळतात ते अक्षांश-रेखांश नव्हेत, तर केंद्रापासूनची तीन सरळ अंतरं: एक शून्य रेखांशाच्या दिशेला, एक त्याला काटकोनात विषुववृत्ताच्या पातळीत, एक उत्तर ध्रुवाकडे. हे तीन आकडे ‘डब्ल्यूजीएस ८४’ नावाच्या एलिप्सॉइडवर उतरवले की अक्षांश, रेखांश आणि उंची तयार होतात. ही सबंध जगाला बसणारी व्यवस्था आहे, आणि २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर सर्वेक्षण विभागाचे सर्वांसाठीचे नकाशेही तिच्यावर आले.

उंचीत मात्र ओळंब्याला निरोप देता येत नाही. मुंबईत चौपाटीवर पाण्याच्या कडेला चांगलं जीपीएस यंत्र ठेवून एलिप्सॉइडपासूनची उंची पाहिली, तर ती उणे साठ मीटरच्याही खाली येते. कन्याकुमारीकडे जाता जाता हा आकडा नव्वदीपलीकडे पोचतो. समुद्र खरोखरच गणिती पृथ्वीपेक्षा तितका खाली आहे. पाणी गुरुत्वाप्रमाणे स्थिरावतं, आणि पृथ्वीच्या पोटातलं वस्तुमान सगळीकडे सारखं वाटलेलं नाही. पाण्याची ही गुरुत्वाने ठरलेली, जमिनीखालूनही कल्पिलेली पातळी म्हणजे ‘जिऑइड’, आणि जगातला तिचा सर्वांत खोल भाग आपल्या दक्षिणेला हिंदी महासागरात आहे, सुमारे १०६ मीटर खाली. तिथून जाणाऱ्या जहाजाला उतार जाणवत नाही, कारण ओळंबाही त्याच पातळीला काटकोनात असतो. तो भाग का खचलेला आहे, यावर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी २०२३ मध्ये एक उत्तर मांडलं: आफ्रिकेखालच्या खोल थरांतून निघालेलं तापलेलं, हलकं द्रव्य त्या भागाखाली पसरलेलं आहे.

हे कळलं नाही तर कालवा फसतो. पाणी एलिप्सॉइडची उंची पाहून वाहत नाही, जिऑइड पाहून वाहतं. रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या फलकावर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते, पुण्याला साधारण ५६० मीटर, ती ही पाण्याची उंची. तिचा शून्य नऊ बंदरांवर भरती-ओहोटीच्या दीर्घ नोंदी घेऊन ठरवला गेला. मुंबईचं अपोलो बंदर त्या नवांपैकी एक. तिथून लेव्हलिंगवाले दुर्बीण आणि पट्टी घेऊन पायी पायी देशभर गेले, आणि घाट चढून हा शून्य आपल्या गावांपर्यंत आला.

आता राहिला काळ. भारताचा भूपट्ट वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर ईशान्येकडे सरकतो आहे. केंद्रापासून मोजणाऱ्या व्यवस्थेला हे दिसतं. कल्याणपूरपासून मोजणाऱ्याला दिसत नव्हतं, कारण कल्याणपूरही त्याच पट्टावर आहे. हा वेग शेताच्या मापात पाहू. मुंबई इलाख्यात शेतं मोजली गेली ती ३३ फुटांच्या साखळीने. साखळीचे सोळा आणे. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद तुकडा म्हणजे गुंठा, १,०८९ चौरस फूट. पाच सेंटिमीटरच्या चालीने जमीन बारा-तेरा वर्षांत एक आणा सरकते. लॅम्ब्टन गेला त्याला दोनशे वर्षं झाली. तेवढ्यात सगळं हिंगणघाट साधारण एक साखळी ईशान्येला गेलं आहे.

बांधावरून भांडण होत नाही ते दोन्ही शेतं बरोबरीने सरकतात म्हणून. आणि जुन्या फाळणी नकाशात सगळी मापं शेजारच्या दगडापासून, गावाच्या शिवेपासून घेतलेली होती. पण आता भूमी अभिलेखचे भूकरमापक रोव्हर घेऊन येतात. हे यंत्र उपग्रहांबरोबरच ‘कॉर्स’ म्हणजे कायम चालू असणाऱ्या संदर्भ-केंद्रांचंही ऐकतं आणि काही सेंटिमीटरपर्यंत जागा सांगतं. बांधाच्या कोपऱ्याला प्रथमच जागतिक आकडा मिळतो आहे. जिथे काही सेंटिमीटरची खात्री आहे, तिथे वर्षाला पाच सेंटिमीटर दुर्लक्षिता येत नाहीत. ऑस्ट्रेलियाने १९९४ ची स्थिती गोठवून आपले नकाशे केले होते. तो खंड आपल्याहूनही वेगाने, वर्षाला सुमारे सात सेंटिमीटर सरकतो. २०२० पर्यंत नकाशा आणि उपग्रह यांच्यात १.८ मीटरचं अंतर पडलं आणि त्यांना सगळ्या देशाचे आकडे नव्याने जाहीर करावे लागले.

आपल्याकडे म्हणून संदर्भ-केंद्रांचे आकडे एका ठरावीक तारखेला बांधलेले असावे लागतात. त्यांच्याकडून मिळालेली कोपऱ्याची जागाही त्याच तारखेची असते. मोजणीच्या ‘क’ प्रतीवर कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश छापताना नुसतं ‘डब्ल्यूजीएस ८४’ लिहून भागणार नाही. कोणत्या संदर्भ-चौकटीतले आकडे आणि कोणत्या तारखेची स्थिती, या दोन गोष्टी त्याच ओळीत हव्यात. त्या असतील, तर वीस वर्षांनी दुसऱ्या यंत्राने मोजणी करणाऱ्याला एक मीटरचा फरक दिसला, तरी तो कागदावरच वजा करता येईल आणि हद्दीचा दगड होता तिथेच राहील.